पायाळू पोरीचं आभाळ

सकाळी चहा ठेवायच्या आधीच आई विचारते, "आज काय म्हनते?" म्हणजे फोन काय म्हणतो. मी आदिलाबादचा हवामान अंदाज वाचून दाखवते: अंशतः ढगाळ, दुपारनंतर मेघगर्जनेची शक्यता. पावसाळ्यात फोनला एवढंच पाठ असतं. "आन् आपल्या गावचं?" ती पुढे विचारते. आमचं गाव जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला, आणि फोनमध्ये त्याचं नावच नाही. शहराचं आभाळ तेच गावाचं, असं धरून चालायचं. गाव सोडून आम्ही दोघी कधीच्या इथं भाड्यानं राहतो. तरी ती विचारायची थांबत नाही आणि मी चिडायची थांबत नाही.

मी मराठी शाळेत भूगोल शिकवते. ढगांचा धडा दरवर्षी येतो. उंचावरचे पिसासारखे ते सिरस, त्यांचं भय नाही. आभाळभर अंथरलेली मळकी गोधडी म्हणजे स्ट्रेटस, ती नुसती रिपरिप करते. पांढरे गुबगुबीत क्युम्युलस मुलांना काढायला फार आवडतात. पण त्यातलाच एखादा दुपारी वर चढत जातो, बूड काळं होतं, माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. तो क्युम्युलोनिम्बस, विजांचा ढग. एवढं शिकवून झालं की मी फळा लगेच पुसून टाकते.

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी आले. त्याचा एक फायदा होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याला लाथ मारायची. गावातल्या भल्याभल्यांना लाथा घालायचा परवाना होता मला! तोटा एकच. पायाळू माणसावर वीज पडते, असं सगळे मानायचे. म्हणून ढग गडगडले की आई मला सगळ्यांपासून लांब, एकटीला बसवायची.

बाबा तहसीलमध्ये कारकून होते. घरात बुद्धाची तसबीर लागली तेव्हाच बाकीच्या खुळ्या समजुती त्यांनी बाहेर काढल्या होत्या. ही एक आईनं लपवून ठेवली. "वीज काय जनमदाखला पाहून पडते?" ते विचारायचे, आणि हात धरून मला परत आपल्याजवळ आणून बसवायचे. आईनं पाठवायचं, बाबांनी आणायचं. मला त्याची गंमत वाटायची.

आमच्या शेतातल्या सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. मी कॉलेजातून घरी आलेली. अंदाज तोच, अंशतः ढगाळ. दुपारी नदीकडून ढग चढला, माथा पसरला. आम्ही घाईघाईनं गंजीवर ताडपत्री ओढत होतो. मजुरीला आलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "पायाळू हाय ना तुमची पोरगी?" आईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तू जराशी धुऱ्यावर जाऊन उभी राह्य." मी गेले. सवयच होती.

ताडपत्रीची दोरी बांधून बाबांनी मान वर केली, तेव्हा मी त्यांना बांधावर एकटी दिसले. "काऊन धाडलं तिले तिकडं?" ते आईवर ओरडले आणि कापलेल्या रानातून तरातरा माझ्याकडे निघाले. वाटेत त्यांनी हात हलवला, ये म्हणून. मग सगळं पांढरं झालं. आवाज मला आठवत नाही. दिसायला लागलं तेव्हा ते मधेच पडलेले होते.

गाव म्हणालं, वीज पोरीसाठी आली होती, बापाला लागली. पुस्तक म्हणतं, उघड्या रानात उभा माणूसच सगळ्यात उंच असतो. मला पुस्तकाचं पटतं. पण आई काय म्हणते, ते मला कळलं नाही. त्या दिवसाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. तुझ्यापायी गेले ते, असं ती मनात म्हणते का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. हवामानाच्या तिच्या रोजच्या प्रश्नातही मला तेच ऐकू यायचं. विचारायची हिंमत झाली नाही.

बाबा अजून येतात. शाळेत गडगडायला लागलं की मी मुलांपासून दूर, व्हरांड्याच्या टोकाला जाते. बाकीच्या बाईंना वाटतं, फोन आला असेल. मी मैदानाकडे पाहत राहते. ते तरातरा चालत असतात, हात हलवतात, आणि माझ्यापर्यंत कधीच पोचत नाहीत. मला त्यांची भीती वाटते. एवढ्या मायेच्या माणसाची भीती वाटावी, याची लाजही वाटते.

परवा फोननं निरभ्र सांगितलं होतं. दुपारी पाण्याच्या टाकीमागून ऐरण वर आली, लाईट गेली, कडाडलं. आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळून उठले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे निघाले.

तिनं माझं मनगट धरलं. मेथीच्या पाण्यानं हात गार होता.

"म्याच धाडलं होतं तुले धुऱ्यावर," ती म्हणाली. "आता नको जाऊ लांब, माय. आनाले कोनी येनार नाई."