स्वयंपाक आपला आपण

माझा नवरा स्वयंपाक फार छान करतो. मस्कतच्या अल हैल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं आहे. बायका म्हणतात, तू नशीब काढलंस बाई. मी हसते. तो समोर असला की जरा जास्तच हसते.

लग्नानंतर अठरा वर्षं या माणसाला आमच्या घरात साखर कुठे असते हे माहीत नव्हतं. मी आंघोळीला गेलेली असले की बाथरूमच्या दारावर टकटक करून विचारायचा, "साखर कुठे ठेवतेस गं?" ओट्याच्या वरच्या फळीवर, लाल झाकणाच्या डब्यात. मस्कतला आल्यापासून आम्ही घरं बदलली, पण साखरेची जागा मी कधी बदलली नाही. अल खुवैरच्या ऑफिसमधून ट्रॅफिक तुडवत मी घरी यायची, पर्स सोफ्यावर टाकायची आणि कुकर लावायची. तो टीव्हीसमोरून म्हणायचा, "आज आपण मासे करूया का?" आमच्या घरात 'आपण' या शब्दाचा अर्थ 'मी' असा होता. आपण चहा घेऊया. आपण चर्चमधल्या लोकांना जेवायला बोलावूया. वसईला सासरी हेच पाहिलं होतं, माहेरीही हेच, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. सूर शहराच्या अलीकडे समुद्रकाठी एक छोटं दगडी घर. खाली लिहिलं होतं, रोमँटिक कॉटेज, फक्त दोघांसाठी, सेल्फ कॅटरिंग.

"सेल्फ कॅटरिंग म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे स्वयंपाक आपला आपण."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वाढदिवसालासुद्धा आपण! पण घर गोड होतं आणि त्याने आपणहून काही बुक करण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून मी गप्प बसले. मनात मात्र ठरवलं की तिथे चमच्यालाही हात लावायचा नाही. 'सेल्फ' म्हणजे कोण, ते त्याला एकदा कळू दे. तेव्हा माझ्या मनात एवढीच गंमत होती. तीही आता आठवली की स्वतःची कीव येते.

मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. सूरच्या बाजारात सुरमई घेतली, कांदे, टोमॅटो, चिंच घेतली. माझ्या आईने पाठवलेल्या मसाल्याची बाटली मी घरूनच आणली होती. सवयीने आणली, एवढंच. कॉटेजचा मालक ओमानी होता, आमच्याच वयाचा. तरुणपणी वेल्सला शिकायला होता म्हणे, आणि लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तिथल्याच समुद्रकाठी एका कॉटेजमध्ये राहिला होता. ते इतकं आवडलं की तस्संच इथे बांधून घेतलं. भिंतीवर त्या मूळ घराचे फोटो होते, मागे राखाडी समुद्र आणि ढग. हौस एवढी की दिवाणखान्यात शेकोटीसुद्धा बांधली होती. ओमानमध्ये शेकोटी! मी हसून हसून खाली बसले. मालकही हसला, किल्ली दिली, "इन्शाल्ला, यू विल बी हॅपी," म्हणाला आणि गेला.

"सुंदर आहे ना?" नवरा म्हणाला. "फोटोत एवढं वाटलं नव्हतं. मीही आत्ताच बघतोय."

हे वाक्य त्याने स्वतःहून म्हटलं. मी काहीही विचारलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात एक खुर्ची ओढली आणि बसले. "आज सेल्फ म्हणजे तू," मी म्हणाले. "मी पाहुणी."

त्याने आधी नेहमीचं सोंग काढलं. मला कुठे येतं, मासा कसा धुवायचा, मीठ किती घालायचं. मी हाताची घडी घालून बसून राहिले. मग तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि एसीच्या मशीनआड ठेवलेल्या सिलिंडरचा कॉक उघडून आला. मला वाटलं, मालकाने सांगितलं असेल. शेगडी पेटेना, तेव्हा त्याने मान वर न करता कपाटाच्या माथ्यावर हात घातला आणि तिथून लायटर काढला. मला वाटलं, दिसला असेल. मग तो सुरीसाठी ओट्याखालच्या ड्रॉवरकडे वळला. तो ड्रॉवर अडकत होता. आल्या आल्या ग्लास शोधताना मी तो ओढून पाहिला होता, तो उघडलाच नव्हता. त्याने एका हाताने ड्रॉवर खालून किंचित उचलला, डावीकडे सरकवला आणि मग ओढला. अलगद उघडला.

हे सगळं करताना तो बोलतच होता. मला काही जमणार नाही, जळलं तर मला बोलू नकोस. तोंडाचं नाटक चालू होतं, हात मात्र विसरले होते.

मी त्या हातांकडे बघत बसले. त्याने कांदा बारीक चिरला. चिंच कोमट पाण्यात भिजत घातली. मसाला तेलात करपू नये म्हणून आच कमी केली. अठरा वर्षांत मला एक कप चहा न दिलेला माणूस. त्याआधीच्या वर्षभरात, तो नोकरी करतो त्या हॉटेलचं सूरला काहीतरी काम निघालं होतं, मासळीचं कंत्राट. तो दोन-दोन दिवस इकडे यायचा आणि मी त्याची बॅग भरून द्यायची. एकदा तर याच मसाल्याची बाटली दिली होती. तिथे कामावरच्या मुलांना घरची चव मिळेल, असं तोच म्हणाला होता.

शेवटी, कालवण उतरवायच्या आधी, त्याने चिमूटभर साखर घातली.

आमच्याकडे माशाच्या कालवणात कोणी साखर घालत नाही. माझी आई घालत नाही, त्याची आई तर अशा बाईला दारातही उभं करणार नाही. त्याला स्वतःला गोड कालवण आवडत नाही. म्हणजे ही साखर कोणाच्यातरी आवडीची होती, आणि सवयीने पडली होती. मी ती चिमूट पडताना पाहिली आणि मला सगळं कळलं. आणखी काही कळायचं राहिलंच नाही.

तो आधी कोणालातरी तिथे घेऊन गेला होता याचं दुःख झालं. पण राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. त्याने तिच्यासाठी स्वयंपाक केला होता, माझ्या आईच्या मसाल्यात.

आणि मला तिथेच का नेलं, हेही मी पुढे खूप दिवस स्वतःला विचारलं. पश्चात्ताप वगैरे मला पटत नाही. तो हॉटेलच्या खरेदी खात्यात आहे. एकदा माल चांगला निघाला की तो सप्लायर बदलत नाही.

"कसं झालंय?" त्याने ताट पुढे ठेवत विचारलं.

"छान झालंय," मी म्हणाले आणि सगळं जेवले. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती आमच्या घरात कायमची राहायला आली असती. मला फक्त एक हवं होतं, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. त्या दोन दिवसांत मी त्याला कितीतरी संधी दिल्या. "तुला इथे करमतंय ना?" "आधी कधी आला होतास का रे या बाजूला?" तो म्हणाला, "काम असलं की सूरला यायचो, पण इकडे कशाला येऊ?" ठीक आहे. मग मी ठरवलं की तो बोलत नाही तोवर मीही बोलणार नाही. पण त्याला सुखाने गप्प बसू देणार नाही.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी ॲप्रन त्याच्या हातात दिला. "एवढं चांगलं येतं तुला आणि आम्हाला पत्ताच नाही! इतकी वर्षं फुकट गेली आमची." मुलगी टाळ्या वाजवायला लागली. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगता येणारं नव्हतं. मी वसईला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा ओट्याकडे वळवला. "बघा, तुमचा मुलगा." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "काय रे हे, बायको आजारी आहे का?" तो कढईत बघत राहिला.

तेव्हापासून तो स्वयंपाक करतो आहे, ऑफिसहून येऊन, रोज. मी सोफ्यावर पाय घेऊन बसते आणि म्हणते, "आज आपण मासे करूया का?"

चर्चच्या लोकांना जेवायला बोलावते. वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींना बोलावते. ताटं वाढली की सगळ्यांसमोर सांगते, "याच्या कालवणाचं गुपित सांगू? शेवटी चिमूटभर साखर घालतो." मग त्याच्याकडे वळते. "कुठे शिकलास रे हे?" सगळे कौतुकाने त्याच्याकडे बघतात. "मोबाइलवर बघून," तो म्हणतो. कान लाल होतात त्याचे. भाभी म्हणतात, "भाई, तुम्ही तर आमच्या मिस्टरांची पंचाईत केलीत. आता मी पण त्यांना किचनमध्ये ढकलते." मी सगळ्यांत मोठ्याने हसते. गोड लागतं का मला ते कालवण? नाही. पण साखर घातलीस का, हे मी न चुकता विचारते.

एकदा मुलगी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मम्मा, सॉरी हं, पण डॅडीचा फिश करी तुझ्यापेक्षा बेटर आहे." ते मात्र मला लागलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन त्याला कोळंबी साफ करायला बसवलं.

चर्चमध्ये फादर क्षमेवर बोलतात. तो माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. मी मान वर करून ऐकते. कन्फेशनमध्ये हे मी अजून सांगितलेलं नाही. मला ते पाप वाटतच नाही, तर सांगू काय?

असं करत पुन्हा हिवाळा आला. मधल्या काळात तो वाळला होता, शर्ट सैल झाले होते. परवा संध्याकाळी मी घरी आले तर त्याने सुरमईचं कालवण आधीच करून ठेवलं होतं. मुलगी क्लासला होती. वास दारातच ओळखीचा वाटला. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. साखर नव्हती. आंबट, तिखट, माझी आई करते तस्संच. तिलाच फोन करून विचारलं असणार, याशिवाय ते जमणारं नव्हतं. तो ओट्याशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सरळ बघत होता. काहीतरी मागत होता, पण अजूनही तोंडाने नाही.

क्षणभर मला वाटलं, खाऊन टाकावं. इतकं चांगलं झालं होतं ते.

मी ताट बाजूला सारलं. "साखर राहिली," मी म्हणाले.

त्याच्या हातातला डाव कढईत पडला. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू तो ड्रॉवर उचलून ओढलास, तेव्हापासून."

तो खाली बसेल असं मला वाटलं, रडेल, माफी मागेल. त्यातलं काही झालं नाही. त्याने माझ्याकडेच बघत वर हात घातला आणि फळीवरून लाल झाकणाचा डबा काढला. आमच्या घरात साखर कुठे असते ते त्याला आता न बघता सापडतं. मी ताट पुढे केलं.