ताट बघणाऱ्या मावशी

मावशी माणसाचं तोंड बघायच्या नाहीत, ताट बघायच्या. जेवण झालं की आम्ही पोरं आपापली ताटं घेऊन नळाकडे रांगेत उभी राहायचो आणि मावशी नळाशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्रत्येकाच्या ताटात डोकावायच्या. कुणी काय टाकलं, कुणी काय पुसून खाल्लं, यावरून त्यांचा पंचनामा चालायचा. "वरण संपवलंस, चपाती ठेवलीस. दाढ दुखते काय रे?" असं विचारलं की समोरचा गालावर हात ठेवायचा. खरंच दुखत असायची. "भेंडी टाकली ते समजलं, पण लोणचं टाकलंस? कुणाशी भांडलीस गं?" पोरं त्यांना फौजदार मावशी म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

कल्याणच्या आमच्या चर्चची मंडळी दर मे महिन्यात मोठ्या मुलांना टिटवाळ्याच्या पुढे एका आवारात सात दिवस कॅम्पला न्यायची. दोन हॉल, पत्र्याचं स्वयंपाकघर, एक पाण्याची टाकी आणि फाटकाबाहेर रस्ता. डावीकडे गेलं की स्टेशन, उजवीकडे गेलं की नदी. तिथला स्वयंपाक कित्येक वर्षं मावशींकडे होता. त्या ठाण्याला कोपरीत एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. वर्षभर घोडबंदर रोडच्या एका पाळणाघरात कामाला जायच्या आणि मे महिन्यात आठवड्याची रजा टाकून कॅम्पला यायच्या. म्हणायच्या, "एक्कावन्न आठवडे लोकांची पोरं सांभाळते. हा एक आठवडा माझी."

येताना स्वतःची सुरी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणायच्या. कॅम्पच्या सुरीला कुणीही हात लावला तरी चालेल, त्यांच्या सुरीला लावायचा नाही. माझ्या मैत्रिणीने, रूथने, एकदा विचारलं, "मावशी, देवावर भरवसा ठेवा असं सांगता आणि सुरी घरून आणता?" मावशी म्हणाल्या, "देवावर आहेच गं. कमिटीने आणलेल्या सुरीवर नाही."

मी त्या कॅम्पला एकदाच गेले. दहावीची परीक्षा झाली होती. आई मी आठवीत असताना गेली, त्यानंतर घरात पप्पा आणि मी. पप्पांची रिक्षा. पोरीने शिकावं एवढंच त्यांचं मागणं, आणि ते त्यांनी देवाकडे एकट्याने मागितलं नाही, सगळ्या मंडळीला कामाला लावलं. आमच्याकडे प्रार्थनेची चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची पद्धत आहे. पाळकसाहेब रविवारी ती वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. जानेवारीपासून दर रविवारी एक चिठ्ठी ठरलेली: "कन्या कृपा हिच्या दहावीच्या यशासाठी." ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशी माणसंसुद्धा फाटकात थांबवून म्हणायची, "बेटा, तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हां." मी हसून पुढे सटकायचे. गणिताचा पेपर कसा गेलाय ते देवाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं.

कॅम्पला पोचल्या पोचल्या सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळा झाले आणि डबा कॅम्पच्या सरांच्या कपाटात गेला. सर बँकेतले, इस्त्रीच्या शर्टाचे, माणूस म्हणून वाईट नव्हते. त्या वर्षीचा विषय होता 'उजेडात या'. थर्माकोलची ती अक्षरं मी आणि रूथनेच कापली होती. रोज सकाळी सर सांगायचे, "जे लपवाल ते कुजेल." आणि शनिवारी, शेवटच्या दिवशी, पालकांसमोर माइकवर प्रत्येकाने साक्ष द्यायची. म्हणजे या आठवड्यात देवाने माझ्यासाठी काय केलं, माझं काय चुकत होतं, ते उभं राहून सांगायचं. आम्ही लहानपणापासून मोठ्यांना साक्ष देताना बघितलेलं. आता आमची पाळी.

पहिले तीन दिवस मजेत गेले, खोटं का सांगू. रूथ माझ्या शेजारच्या गादीवर. मुलींच्या हॉलमध्ये ती आणि मी दोघीच दहावीवाल्या. बुधवारी सकाळी सर म्हणाले, "आज एक वाजता निकाल लागतोय. पण हा आठवडा देवाचा. निकाल आपण शनिवारी पालकांबरोबर बघू, आणि मिळून आभार मानू."

"सर, शनिवारपर्यंत माझं बीपी हाय होईल!" रूथ ओरडली. सगळे हसले. मग मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुला काय टेन्शन यार? तुझ्यामागे अख्ख्या मंडळीचं बॅकिंग आहे."

त्या दुपारी मी ताट तसंच्या तसं नळावर नेलं. मावशींनी ताट बघितलं आणि, कधी नव्हे ते, माझं तोंडही बघितलं. "लसूण सोलायचाय. चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाल्या. टाकीच्या मागे नेलं. तिथेच काय ती रेंज यायची. पदराच्या गाठीतून त्यांनी आपला फोन काढला. काचेवर तडा गेलेला.

"नंबर सांग."

मी बैठक क्रमांक सांगितला. पाठच होता.

"आता हे आईचं नाव मागतंय."

"सुशीला," मी म्हणाले. मावशींनी एका बोटाने एक-एक अक्षर टाइप केलं आणि शेवटी फोनवरून बोट फिरवलं, जसं लहान मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसं. पान उघडलं. गणित, विज्ञान, इंग्रजी. तिन्हीत नापास.

मी रडले नाही. "बाथरूमला जाऊन येते," म्हणाले आणि फाटकातून बाहेर पडले. जीवबीव द्यायला निघाले नव्हते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते. मला फक्त शनिवार नको होता. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून येणार, पाळकसाहेब आभाराची प्रार्थना करायला उभे राहणार, आणि मी? कुठे जाणार होते ते ठरलं नव्हतं. वाट चुकून उजवीकडे वळले एवढं खरं.

बरंच पुढे गेल्यावर मागून हाक आली. मावशी भर उन्हात धापा टाकत येत होत्या, पायात चप्पल नव्हती, हातात सुरी तशीच. मला अशातही हसू आलं.

"हसतेस काय? बघणाऱ्याला वाटेल मी तुझा मुडदा पाडायला आले."

मग रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, मला बसवलं. मी म्हणाले, "मावशी, सगळ्यांनी प्रार्थना केली होती. देवाने ऐकली नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी..."

"देव काय पेपर तपासत बसतो का गं? त्याला दुसरी कामं नाहीत?" मावशींनी सुरी पदराला पुसली. "बापाला घरी गेल्यावर सांग. एकट्याला. आधी जेवू घाल, मग सांग. आणि आज इथवर आलेलीस ते आपल्या दोघींत."

परत आल्यावर त्यांनी सरांना सांगितलं की पोरीचं डोकं दुखतंय, ती माझ्याजवळ बसेल. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशेजारी बसून लसूण सोलला. त्या मधूनमधून माझ्या ताटात डोकावायच्या. शुक्रवारी मी भात पुसून खाल्ला तेव्हा म्हणाल्या, "आलीस परत."

शनिवारी पालक आले. पप्पा दुसऱ्या रांगेत, मोरपंखी शर्ट. हार्मोनियमवर गाणं चाललेलं, बायका डोळे पुसत होत्या, एकेक जण उठून साक्ष देत होता. कुणी आईला उलट बोलल्याची माफी मागितली, कुणी वहीतून कॉपी केल्याचं सांगितलं. टाळ्या पडत होत्या. जे लपवाल ते कुजेल. मला वाटलं, मावशींनी 'आपल्या दोघींत' म्हटलं ते माझी लाज झाकायला. माझी लाज मी सांगितली तर त्यांचं काय बिघडणार? उलट अख्ख्या मंडळीला कळू दे की माझ्यासाठी अनवाणी कोण धावलं. मला त्यांचे आभार मानायचे होते हो. बाकी काही नव्हतं मनात.

मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. निकाल, टाकीमागचा फोन, फाटक, उजवीकडचा रस्ता. "त्या दिवशी देवाने मला मावशींच्या रूपात वाचवलं," असं शेवटी म्हणाले. हे वाक्य मी आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं.

माइकवर नाव ऐकून मावशी स्वयंपाकघरातून दारापाशी आल्या. हात पदराला पुसत, हसत. कुणीतरी कौतुकाला बोलावलंय असंच त्यांना वाटलं असणार.

टाळ्या पडल्या नाहीत. मागून एका आईचा आवाज आला, "नदी आहे हो तिकडे!" मग सगळे एकदम बोलायला लागले. आमची पोरं यांच्या भरवशावर सोडली, फोन काढून घेतात आणि स्वयंपाकीण फोन दाखवते, पोरगी फाटकाबाहेर जाते आणि कुणाला पत्ता नाही. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या हातातसुद्धा माइक होता. "मावशी, हे खरं आहे?"

"खरंय."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," मावशी म्हणाल्या, "तर पोरीला तुम्ही असंच सगळ्यांपुढे उभं केलं असतंत."

पप्पांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. ते रागावले नाहीत. ते त्यानंतर पेटीत चिठ्ठी टाकायचे बंद झाले, एवढंच.

कमिटीची मीटिंग झाली. सरांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. खरंच काही झालं असतं तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता. पण जबाब मागितला गेला तो एका बाईकडून, आणि तिने दिलेला जबाब कुणाला नको होता. पुढच्या मे महिन्यात मावशींना बोलावणं गेलं नाही, कॅम्पला कल्याणचा केटरर आला. रूथ सांगत होती, पनीर होतं, आइस्क्रीम होतं, आणि ताटं वापरून फेकायची होती. नळावर रांगच नव्हती.

जुलैच्या फेरपरीक्षेला मी बसले नाही. वर्षभर घरात काढल्यावर धीर करून कोपरीला गेले. मावशींनी दार उघडलं, आधी ताट वाढलं. मी म्हणाले, "मावशी, माझ्यामुळे तुमचं..." "गप. जेव." जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणाल्या, "तू खोटं नाही बोललीस. पण ते खरं कुणाकुणाचं होतं, तेवढं बघायचं राहिलं." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात मला त्यांच्या पाळणाघरात कामाला लावलं. पोराला भरवायचं कसं, झोपवायचं कसं, आईबाप न्यायला आले की दिवसातलं काय सांगायचं आणि काय नाही, सगळं त्यांनी शिकवलं. तेच आज माझं पोट भरतं.

मे महिन्यातली ती आठवड्याची रजा मात्र त्या टाकतच राहिल्या. मी विचारलं, "कॅम्प नाही, मग रजा कशाला?" म्हणाल्या, "बोलावलं तर? आयत्या वेळी रजा कोण देतंय?" त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले की सुरी धार लावून, साडीच्या तुकड्यात गुंडाळून, दाराजवळच्या पिशवीत ठेवलेली असायची. चार उन्हाळे मी ती पिशवी बघितली. रविवारी चर्चला त्या जायच्या, मागच्या बाकावर बसायच्या. सर भेटले की "कशा आहात मावशी?" विचारायचे. "देवाची कृपा," त्या म्हणायच्या. मी शेजारी असले तर माझ्याकडे बघून डोळा मारायच्या, कारण कृपा माझं नाव.

पाळणाघरातल्या एका बाळाचे आईवडील, मूळचे डोंबिवलीचे, मस्कतला निघाले आणि मला बाळ सांभाळायला बरोबर घेऊन आले. मी त्यांना दादा-वहिनी म्हणते, ते चांगले लोक आहेत. पण काचेचा ग्लास हातात घेतला तरी फुटेल म्हणून मला धाकधूक होते. निघताना मावशी म्हणाल्या, "परक्या घरी ताटात काही टाकू नकोस. लोक बघतात."

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. मला रूथने कळवलं. रविवारी दुपारी चर्चमध्ये त्यांच्या स्मरणाची उपासना होती, ती रूथने फोनवरून मला दाखवली. पप्पा दुसऱ्या रांगेत दिसले. सर उभे राहिले. केस पिकलेत त्यांचे. म्हणाले, "मावशींनी कितीतरी वर्षं आपल्या मुलांना जेवू घातलं. पुढे वय झालं, तेव्हा त्यांनी स्वतःहून विश्रांती घेतली." बायकांनी डोळे पुसले. मग कुणीतरी म्हणालं, कृपाला त्यांनीच मार्गाला लावलं, ती लाइनवर आहे, तिला दोन शब्द बोलू द्या. रूथने फोन माइकजवळ धरला. पूर्ण मंडळी माझ्याकडे बघत होती.

स्वतःहून नाही. एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. दाराजवळच्या पिशवीचं कुणाला माहीत होतं, माझ्याशिवाय? पण समोर पप्पा होते, आता कुठे पुन्हा लोकांत मान वर करून बसायला लागलेले. मागे वहिनी बाळाला घेऊन उभ्या होत्या. आणि माइक बघितला की मला अजून ते दार दिसतं, आणि दारातलं ते हसणं. मी म्हणाले, "मावशी फार चांगल्या होत्या." रूथने फोन खाली घेतला.

नंतर जेवायला बसले. वहिनींनी वरण-भात केला होता, मुद्दाम माझ्यासाठी. ताट तसंच्या तसं उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि नळ सोडला. कुणी काही विचारलं नाही.