उतरायची आणि ताकदीची

सांगलीतल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांचं चित्र, पडद्यावर दाखवलं आणि पेनाचं टोक एका जागी ठेवलं. "इथं चरबी साठलीय. आत्ता नसेत स्टेंटची जाळी नको. पण स्टॅटिन रोज घ्यायची, कायमची." स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. आमचे हे निवृत्त सुभेदार. पेन्शन सोडून त्यांना काहीच कायमचं मान्य नव्हतं.

दीड महिन्यानं त्यांच्या पिंढऱ्या दुखू लागल्या. कडेगावाहून पुन्हा सांगली. सीपीके नावाची रक्ततपासणी झाली. स्नायू झिजतात का, ते त्यात कळतं. झिजत नव्हते. ड जीवनसत्त्व मात्र कमी निघालं. त्याची पावडर मिळाली आणि कोएन्झाइम क्यू टेनची कॅप्सूल. ती स्नायूंना बळ देते म्हणतात. 'म्हणतात' हा शब्द डॉक्टरांचाच. "फायदा होईलच असं नाही. पण ही जोडीला आहे, स्टॅटिनच्या जागी नाही." मी मान हलवली.

घरी दोघींचं बारसं झालं. एक उतरायची, दुसरी ताकदीची. फौजेतला माणूस कुठली निवडणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला. हे म्हणाले, "उतरलंय की गं. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण खातंय व्हय? ताकदीची तेवढी चालू ठिवतो."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वाक्यातली चूक मला लांबून दिसते. ही दिसली नाही. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. रोज सकाळी कण्हणं ऐकून मीही कंटाळले होते.

उतरायची बंद झाली आणि दुखणं थांबलं. श्रेय कॅप्सूलला मिळालं. गावात चौघांना ह्यांनी ती लिहून दिली. नशीब, खाली सही केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात साताऱ्यात माजी सैनिकांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, फेटा, आणि सत्कारमूर्तींपेक्षा जास्त पाहुणे व्यासपीठावर. ह्यांचं भाषण 'प्रकृती कशी राखावी' यावर. तिसऱ्या वाक्याला हात छातीवर गेला. लोकांना वाटलं, भारावले. टाळ्या पडल्या.

फेटे बांधणाऱ्यानं तेवढं ओळखलं. रिक्षा त्यानंच आणली. त्याचं नाव विचारायचं राहिलं; जीव वाचला तो त्याच्यामुळे.

बंद नस उघडायच्या अँजिओप्लास्टीनंतर अतिदक्षता विभागात तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळून विचारलं, "स्टॅटिन कुणी बंद केली?"

ह्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं. शिकलेली हाय."

टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पंपाची ताकद निम्म्यावर आली होती. "मेलेला स्नायू परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गोळी चालू असती तर टळलंच असतं, असं मी म्हणत नाही." एवढं बोलायची त्यांना गरज नव्हती. मी त्यांची ऋणी आहे.

हे म्हणाले, "मग ताकदीची वाढवू का, सायेब?"

तुमच्या घरी रिपोर्ट चांगला आला तर पेढे वाटा, पण गोळी थांबवू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. पाय दुखले तर डॉक्टरांना सांगा. स्वयंपाकघरात ठरवू नका.

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. हे दुसरीवर धापा टाकत बसतात आणि चपलेत खडा गेला म्हणतात. मी वाकते आणि रोज तो खडा काढते.