सिमेंटच्या गल्लीतले बिबडे

आमचं गाव नगरपालिकेत गेलं तेव्हा पुरुषांनी पारावर बसून महिनोन् महिने डोकेफोड केली. घरपट्टी वाढेल, नळ येईल, सरपंच रिकामे होतील. सरपंच रिकामे झाले, नळ काही आला नाही. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मात्र आला. शिरपूरकडच्या आमच्या भागात तेव्हा ही एवढी नवलाई होती, की लोक दोन दिवस त्यावरून चपला काढून चालले.

शेजारच्या अक्कांनी रस्ता पाहिला आणि ज्वारी भिजत घातली.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आम्ही ते खाटांवर वाळवायचो, आणि उन्हाळ्यात रिकामी खाट मिळणं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडात जागा मिळण्यासारखंच. आता गल्लीभर स्वच्छ, तापलेली जमीन आयती मिळाली होती. शिवाय अक्कांची मुलगी त्याच वर्षी चाळीसगावला दिलेली. पहिल्या उन्हाळ्याचे बिबडे माहेरून जायचे, आणि तिची सासू एकेक बिबडा उजेडात धरून बघणारी.

ज्वारी दळून आल्यावर एके दिवशी सकाळीच पीठ शिजवून घाटा केला. आम्ही बायकांनी ओल्या धोतरांवर बिबडे थापून अख्खी गल्ली भरून टाकली. त्याच दिवशी रस्त्याचं उद्घाटन होतं. बायकांना ते सांगावं, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने जीप आली. पांढऱ्या कपड्यातले नगराध्यक्ष उतरले, मागे हार आणि नारळ. नारळ मारुतीपुढे फोडायचा होता, आणि मारुती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला.

"उचला हे सगळं!" माजी सरपंच ओरडले.

"आते उचलात ते बठ्ठा लगदा व्हई," अक्का म्हणाल्या.

"अहो, नगरपालिकेचा रस्ता आहे हा!"

"गल्ली आमनी शे, आबा. मनी पोर तठे बोलणी खाई. तिना बदला तुम्ही खाशात का?"

मी नगराध्यक्षांना म्हटलं, "साहेब, कडेचे दुपारपर्यंत सुटतील. तोवर ओट्यावर बसा." आणि वाटीत गरम घाटा वाढून वर शेंगदाण्याचं कच्चं तेल सोडलं. खानदेशात घाट्याला नाही म्हणणारा माणूस निवडून येत नाही. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली, मग परत एकदा केली. भाषण त्यामुळे सुस्तावलेलं आणि आटोपशीर झालं.

दुपारी कडेचे बिबडे निघाले. नगराध्यक्ष चपला हातात घेऊन, पोळणाऱ्या सिमेंटवर उड्या मारत मारुतीपर्यंत पोचले. परत येऊन विचारलं, "अक्का, रस्ता कसा झालाय?"

अक्कांनी बिबड्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"कचकच नई शे."

बिबडे चाळीसगावला गेले. सासूने उजेडात धरले आणि काही बोलली नाही. तिच्याकडून ती शाबासकीच.

पुढच्या उन्हाळ्यात नगराध्यक्षांची बायको स्वतः अक्कांच्या दारात आली. शहरात सगळं डांबर, बिबड्यांना वास लागतो म्हणे. "तुमच्या गल्लीत थोडी जागा मिळेल का?"

"इचारानं काय त्यामा?" अक्का धोतर पिळत म्हणाल्या. "रस्ता नगरपालिकाना शे."

आणि तिला मारुतीमागची, निंबाच्या सावलीतली जागा दाखवली.