मी न गेलेल्या घरची भेट

आधीच सांगतो, भूतबित या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट लोकांवर संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. नाशकातल्या एका खासगी एजन्सीत मी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं फिरतीचं काम करतो. ओझरच्या विमानतळावर कार्गोत – म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या शेडमध्ये – नवीन माणूस घ्यायचा असला, की आत जायचा पास मिळायच्या आधी त्याची कुंडली काढावी लागते. दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, शेजारी काय म्हणतात, मागची दोन वर्षं कुठे होता... घरी जायचं, दोन शेजाऱ्यांना भेटायचं, घराचा फोटो काढायचा आणि फॉर्मवर सही ठोकायची. मित्रांमध्ये मी ऐटीत म्हणायचो, विमानतळाची खरी किल्ली माझ्या खिशात आहे. आता नाही म्हणत.

होळीच्या सुमारास सविता नावाच्या मुलीची फाइल आली. पेठ तालुक्यातला पाडा, डांबरी रस्ता सोडून आत पाच-सहा किलोमीटर चढ. काम काय, तर खोकी तपासणीच्या मशीनवर चढवायची. पेठपर्यंत गेलो आणि बाइक पंक्चर झाली. पंक्चरवाला जेवायला गेलेला, डोक्यावर ऊन. मी चहाच्या टपरीवर बसलो आणि आमच्या धंद्यात कधी ना कधी सगळेच करतात ते केलं – टेबल व्हेरिफिकेशन. म्हणजे जागेवर न जाता फॉर्म भरायचा.

टपरीवाल्याला त्या पाड्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "चांगली माणसं हायेत. द्राक्षाच्या कामाला निफाडकडं जातात, बाकी इथंच असतात." झालं माझं काम! 'प्रत्यक्ष भेट दिली. आई घरी होती. घर शेणाने सारवलेलं, दारात खाट.' असं मनानेच लिहिलं. शेजाऱ्यांच्या सह्याही मीच केल्या, एक उजव्या हाताने, एक डाव्या. रस्त्याकडेच्या कुठल्यातरी घराचा फोटो जोडून दिला. सविताला पास मिळाला आणि मी ते विसरून गेलो.

मे महिन्यात विमानतळाकडून फेरतपासणीचं पत्र आलं. पाच फायली निवडल्या होत्या, त्यात सविताची. आमच्या ऑफिसातल्या कुलकर्णी मॅडम स्वतः घरोघर जाणार होत्या. खोटं उघड झालं तर माझी नोकरी जाणार हे ठरलेलंच, पण सविताचा पासही रद्द होणार होता. एकदा असा शेरा पडला, की पुन्हा कोण दारात उभं करतंय? आणि त्या पोरीची तर काडीची चूक नव्हती.

म्हणून मॅडम जायच्या आदल्या दिवशी मी पाड्यावर गेलो. तिच्या आईचे पाय धरायचे आणि 'हा माणूस येऊन गेला' एवढं सांगा म्हणायचं, असा विचार होता. दुपारचे बारा वाजले असतील. अंगणात एक बाई नागलीचे पापड वाळत घालत होती. मला बघून तिने पदर सावरला.

"या दादा. आज परत?"

"आपण भेटलोय कधी?" मी विचारलं.

"आसं काय करता? सविताच्या नोकरीचं विचारायला तुमीच नाय का आलते? या खाटंवर तं बसलते."

समोरच्या घरातला म्हातारा दारात आला होता. तोही म्हणाला, "माझी बी सही नेली ना तुमी."

मला वाटलं, ऑफिसातलं दुसरं कोणी येऊन गेलं असेल. मी विचारलं, "कसा होता तो माणूस?" बाई जरा घाबरूनच माझ्याकडे बघायला लागली.

"तुमीच की. हाच शर्ट. ही कपाळावरची खूण." मग आवाज बारीक करून म्हणाली, "पण दादा, रागावू नका. त्या दिशी तुमी पाणी पिलं नाय. तांब्या हातात धरून नुसतं बसलं. कुत्रं लय भुकत व्हतं, मग चुलीमागं जाऊन बसलं, ते दोन दिस बाहेर नाय आलं. आन जाताना तुमी मलाच विचारलं – आत जायला काय काय लागतं?"

"मग?"

"मी म्हटलं, ते तं तुमालाच ठावं."

मी घराकडे बघितलं. घर शेणाने सारवलेलं होतं. दारात खाट होती. अशी घरं तिकडे सगळीकडेच असतात, असं मी मनाला बजावत होतो. तिने पाणी आणलं, ते मी घटाघटा प्यायलो. तिला दिसावं म्हणून प्यायलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलकर्णी मॅडम परत आल्या. "छान काम केलंत," म्हणाल्या. "सगळ्यांनी तुमचं वर्णन बरोबर सांगितलं. फोटोही जुळला." फोटो जुळला? मी फाइल काढून बघितली. त्यात तेच अंगण, तीच खाट आणि दारातून मागे सरणारं कुत्रं होतं. माझ्या मोबाइलमध्ये मात्र रस्त्याकडेच्या त्या दुसऱ्याच घराचा फोटो अजून आहे. मी रोज उघडून बघतो.

त्यानंतर एकही फॉर्म मी घरी न जाता भरला नाही. वाटलं, प्रकरण मिटलं.

मागच्या महिन्यात विमानतळाच्या गेटवर फायली द्यायला गेलो होतो. मला आतला पास नाही, आजवर मी गेटच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. ड्यूटी संपवून मुली बाहेर येत होत्या. त्यातली एक थांबली. फाइलमधल्या फोटोवरून ओळखलं, सविता होती.

"दादा, आज बरी ओळख दिलीत," ती हसत म्हणाली. "आत तर बघून न बघितल्यासारखं करता."

"आत? कुठे आत?"

"शेडमध्ये. रोज तर असता खोक्यांपाशी. गळ्यात पास असतो ना तुमच्या." मग लाडाने तक्रार केल्यासारखं म्हणाली, "आणि आई म्हणते तसंच करता हं. पाणी दिलं तर ग्लास नुसता हातात धरून बसता."

गाडी सुरू करायला मला बराच वेळ लागला.

सांगू कुणाला? तोंड उघडलं तर आधी टपरीवरचा फॉर्म बाहेर येईल आणि सविता घरी बसेल. गप्प राहिलो तर तो आत आहे, विमानात चढणाऱ्या मालापाशी. वरून विमान गेलं, की हल्ली मी हातातलं काम सोडून आवाज पुरता विरेपर्यंत ऐकत उभा राहतो. बायको विचारते, काय झालं?

तो कोण आहे, काय आहे, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मला एवढंच कळतं, की कुणीतरी सही केल्याशिवाय आत जायचा पास मिळत नाही. आणि तो त्या पाड्यावर येऊन गेला, याच्या खाली सही माझी आहे.