पायगुणाची चाचणी

'लोक म्हणतात' एवढ्यावर आमच्या बेंबळी गावात कुठलीही गोष्ट खरी ठरायची, ते दिवस माझ्या धाकट्या जावेनं एकटीनं संपवले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून बाई निवृत्त झाली, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. ताप देवऋष्यानं उतरवला म्हणा, ती विचारणार, "त्याच्याकडं न गेलेल्या किती जणांचा उतरला?" हुरड्याच्या पाहुण्यांपुढं तिनं आम्हा बायकांच्या शेंगापोळ्या नावं न सांगता ठेवल्या. "चव मोजता येत नाही. पण आधी कुठली, मागं कुठली, एवढं सांगा. नुसत्या क्रमावरही निकाल लागतो." लागला. लग्नापासून स्वतःला अन्नपूर्णा समजणारी मी सगळ्यांत मागं.

पण तिचा खरा विजय शेजारच्या अंगणातला. तिथं नवी सून आली आणि जुळी करडं देणाऱ्या शेळ्या एकेकच देऊ लागल्या. पायगुण वाईट म्हणून सासूनं पोरीची पिशवी भरली. परंड्याला माहेरी धाडायची, कायमची. जाऊ गावभर विचारत सुटली: यंदा शेळीला जुळं झालं की एकच, घरात नवी सून आली की नाही. मग अंगणात रांगोळीनं चार चौकटी आखल्या. वर नवी सून आलेली घरं, खाली न आलेली. डावीकडं जुळी, उजवीकडं एकेक. एका वेताला एक चिंचोका. मांडायला बसवलं खुद्द सासूला.

"आता धरा, पायगुणाचा संबंधच नाही. मग कुठल्या चौकटीत किती पडायला हवे होते? ते आणि हे पडलेले, यांतल्या फरकावर काय-स्क्वेअर काढतात." गणित करून म्हणाली, "फरक किरकोळ आहे. एवढा योगायोगानंही पडतो."

"म्हंजी पायगुण नसतोच?" सासूनं विचारलं.

"तसं मी म्हणत नाही, वैनी. त्याचा पुरावा सापडला नाही. सून न आलेल्या घरांतही जवळपास तेवढ्याच प्रमाणात एकेक झालंय."

"मग माझ्या शेळ्यास्नी झालं काय?"

"यंदा वैरण पुरली का कुणाला?"

खालच्या उजव्या चौकटीतला ढीग सासूनं स्वतःच्या हातानं घातला होता. बोट दाखवणार कुणाकडं? शेवटी सुनेला म्हणाली, "पिशवी ठिव आत. आन् शेळ्यास्नी पाणी दाव." बायकांत लई हशा पिकला. जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी, जणू परंड्याचा किल्ला तिनंच घेतलाय.

मीही हसले, आणि हसताहसता माझं नवेपण आठवलं. मी नवी आले त्या साली आमची विहीर आटली होती. माझ्याच पायानं, असं घरात ठरलं. मला ते इतकं पटलं, की उरलेलं पाणी पळू नये म्हणून मी शहाणी विहिरीकडं चवड्यांवर चालत जायची. जावेला सांगितलं, तर चिंचोके गोळा करत म्हणाली, "त्या साली गावात आणखी कुणाच्या आटल्या होत्या, आक्का?"

सगळ्यांच्याच आटल्या होत्या. तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.