कण्हेरीची पाकळी

"मोठ्या आतड्यात गाठ आहे. कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाले. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, एवढं मला कळत होतं. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी मात्र भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "पेडण्याची बस कितीक वाजता?"

त्या एकोणऐंशीच्या होत्या. केरीच्या घरातून निघून काशी, द्वारका, लेकीकडे मस्कत, नातवाकडे लिस्बन, एवढं फिरून आलेल्या. लिस्बनहून परतल्या तेव्हा आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या पोदेराचो उंडो बरो," म्हणजे तिथल्यापेक्षा गावच्या पाववाल्याचा पाव चांगला. त्या परत आल्या की लेकी, नातवंडं, शेजारी, सगळं घर भरायचं.

या निदानाआधी दोन महिने त्यांना विहिरीपर्यंत जाऊन येताना धाप लागत होती. आम्ही म्हटलं, वय झालं. हिमोग्लोबिन सहावर आलं तेव्हा कुठे धावाधाव केली. तुम्ही एवढं थांबू नका.

मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून आतडं पाहणं. तिच्यासाठी आदल्या दिवशी दिलेल्या जुलाबाच्या औषधानेच त्या अर्ध्या झाल्या. पुढे बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, आणि रिपोर्टची वाट पाहत आठ दिवस.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन केलं तर काही वर्षं मिळतील. पण या वयात धोका मोठा आहे. त्यांनाच ठरवू द्या."

"देवाक इचारूया," सासूबाई म्हणाल्या. कौल घेतल्याशिवाय त्यांनी कधी प्रवासाची पिशवी भरली नव्हती. आमच्या देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पाकळी त्या घरी आणून पासपोर्टच्या पिशवीत ठेवायच्या. आता चालवत नव्हतं, म्हणून मला धाडलं.

"डावो पडलो, वयनी," पुजारी म्हणाले. "देव नको म्हणता."

मी घराकडे निघाले. सत्तावीस वर्षं मी या बाईशी मिठावरून, झाडूवरून, कशाकशावरून भांडले होते, आणि तिच्याशिवायचं घर मला नको होतं. आमच्या फाटकाशी कण्हेर फुललेली होती. एक पाकळी तोडून मी त्यांच्या हातावर ठेवली. "उजवा कौल, आई."

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "मगे बॅग भर."

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी लीक झालं, म्हणजे आतडं जिथे जोडलं तिथून आत गळू लागलं. दुसरं ऑपरेशन, मग सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. आयसीयूबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी रोज बसायचे आणि मनात एकच घोकायचे, मी मारलं यांना. डॉक्टर म्हणाले, "कोणाची चूक नाही. या वयात जखम भरून येत नाही." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

महिन्याने त्यांना घरी आणलं, बऱ्या झाल्या म्हणून नव्हे. एका दुपारी चमच्याने पेज भरवताना मला राहवलं नाही. रडतच सांगितलं, "आई, कौल डावा होता."

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "आमच्या देवळात तगर लायतत, शैला. तू माजी द्वारकेची कण्हेर हाडलंस."

फाटकाजवळच्या त्या कण्हेरीची फांदी द्वारकेहून ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनीच आणली होती. देवळातली पाकळी तगरीची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मगे ऑपरेशनाक गेलात कित्याक?"

"तुका मी होयी म्हणान तू कधी सांगलंस नाय. त्या दिसा सांगलंस. म्हणान गेलंय." आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "पेज थंड जाता."

त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या. नंतर ती पासपोर्टची पिशवी उघडली. तगरीच्या सुकून तपकिरी झालेल्या पाकळ्या, काशीची, द्वारकेची, मस्कतची, लिस्बनची, आणि त्यांच्यातच माझी गुलाबी. तिचा रंग अजून गेला नव्हता.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर डॉक्टरांना विचारा, देवालाही विचारा. पण आजारी माणसाजवळ बसून त्याला काय हवंय तेही विचारा, आणि तुम्हाला काय हवंय ते त्याला सांगा. "आई, तुम्ही मला हव्या आहात," एवढंच मला म्हणायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून मी देवाच्या नावावर खोटं बोलले.